पेरूचा बेत

देशाटनाचे फायदे आपल्याकडे कोणी नाकारीत नाही. ते आपण लहानपणीच पाठ करून टाकलेले असतात. परंतु घरातील एखादे माणूस खरोखरच निघावयास सिद्ध झाले, म्हणजे त्याच देशाटनाविरुद्ध किती सबळ कारणे बाहेर पडतात, हे ज्या कुटुंबात दहा-बारा माणसे एका छपराखाली नांदतात त्यांस सांगावयास नकोच. काशीस जावयाचे म्हटले तरी एकाची परीक्षा, दुसरीचे बाळंतपण आणि तिसऱ्याचे पथ्य आडवे येते. मग ज्या देशाच्या नुसत्या नावाने घरातील मुले हसू लागतात, त्या देशाचा बेत आमच्या साताऱ्याच्या घरी गेले वर्षभर कसा शिजत आला असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. तो देश म्हणजे दक्षिण अमेरिकेतील पेरू.

‘पेरूला जाऊन आणणार काय? पेरूच ना?’ हा विनोद आमच्या घरात इतक्या वेळा झाला आहे, की आता त्यास करणारासुद्धा हसत नाही. वास्तविक फळाचे नाव देशावरून पडलेले नाही. पोर्तुगीज भाषेत नासपतीस ‘पेरा’ म्हणतात, आणि त्या लोकांनी आणलेल्या ह्या नव्या फळास आपल्याकडे त्यावरूनच पेरू हे नाव मिळाले, असे सांगतात. तथापि फळ मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातलेच. खुद्द पेरू देशात त्यास ‘ग्वायाबा’ म्हणतात. म्हणजे पेरूत जाऊन कोणी पेरू मागितला, तर समोरचा मनुष्य बुचकळ्यातच पडेल.

ह्या बेताच्या मुळाशी आहेत आमच्या आत्याबाई. त्या सांगलीस गावभागात राहतात. वय बहात्तर. मुलींच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षे भूगोल शिकविला. दरवर्षी फळ्यावर खडूने अँडीज पर्वताची रांग काढावी, तिच्या पश्चिमेस प्रशांत महासागर आणि पूर्वेस ॲमेझॉनचे अरण्य दाखवावे, आणि तास संपला की डस्टरने ते सारे पुसून टाकावे, असे तीस वेळा झाले. स्वतः त्या उत्तरेस काशी आणि दक्षिणेस रामेश्वर ह्यांच्या पलीकडे गेल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी दुपारच्या वेळी मीना प्रभु ह्यांचे ‘दक्षिणरंग’ हे दक्षिण अमेरिकेच्या प्रवासाचे पुस्तक आमच्या घरातील बायका मोठ्याने वाचीत असत. आत्याबाई तेव्हा साताऱ्यास आल्या होत्या. पुस्तक संपले त्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, “आता मला हा देश पुसण्यापूर्वी एकदा पाहावयाचा आहे.” निवृत्तिवेतनातून साठविलेली रक्कम त्यांच्याजवळ होती, सोबतीस आम्ही उभयतांनी यावे, एवढीच त्यांची मागणी होती.

विरोध केला तो त्यांच्या वडील बंधूंनी, आमच्या नानांनी. नानांचे वय ऐंशीच्या घरात. सात भावंडांपैकी आता हे दोघेच राहिले आहेत, आणि नानांच्या विरोधाचे खरे कारण तेच होते. परंतु पुरुषमाणूस आपल्या मनातील भीती तीच म्हणून सांगत नाही, तो तिला तत्त्वाचे रूप देतो. समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त आता कोणी मागत नाही, आणि साताऱ्यात तर तो मुद्दा काढण्याची सोयच नाही. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत केले, तेव्हा त्यांची दाद मागण्यासाठी ह्याच गावचे रंगो बापूजी विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये झगडत राहिले. ज्या गावच्या माणसाने शिडांच्या आणि वाफेच्या काळात एवढा पल्ला मारला, त्या गावाने विमानाच्या काळात दूरचे भय काय सांगावे! म्हणून नानांनी तो मार्ग सोडून अधिक व्यावहारिक असा प्रश्न विचारला. “ती सोमवार करते, दोन्ही एकादश्या करते. त्या मुलुखात तिच्या उपासाचे काय?”

ह्या प्रश्नाने नानांचा पक्ष बळकट व्हावयाचा, तो उलट अगदीच दुबळा झाला. कारण भूगोलाच्या शिक्षिकेस त्यांनी तिच्याच प्रांतात गाठले होते. पुढच्या एकादशीस फराळाचे ताट समोर आले, तेव्हा आत्याबाईंनी मुलांना भोवती बसविले आणि त्या ताटाची वाटणी करून दाखविली. एका बाजूस आपले जुने सोबती: वरीचे तांदूळ, शिंगाडा, सुरण, दही, तूप, खोबरे. दुसऱ्या बाजूस अमेरिका खंडातून आलेली पाहुणे मंडळी: बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा. आणि साबुदाणा? आपल्या बाजारात येणारा साबुदाणा तामिळनाडूत सेलमच्या बाजूस ज्या कंदापासून करतात, तो टॅपिओका मूळचा ब्राझीलकडचा. हा धंदा तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला. तोपर्यंत साबुदाणा मलायाकडून येत असे. थोडक्यात, साबुदाण्याची खिचडी हा पदार्थ आपण ज्या सोवळ्याने करतो, त्यातील तूप, जिरे आणि मीठ वगळले, तर बाकी सारे ऐवज पलीकडच्या गोलार्धातले. आत्याबाई म्हणाल्या, “नाना, पेरूत माझी उपासमार झाली, तर ती उपासाखेरीजच्या दिवशी होईल.”

हा नुसता विनोद म्हणून सोडून देण्याजोगा विषय नाही. आपल्याकडे कोणता पदार्थ शुद्ध आणि कोणता वर्ज्य ह्याविषयी मोठ्या निश्चयाने बोलणारी घरे अद्याप पुष्कळ आहेत, आणि आमचे घर त्यांत मोडते. उपासाचा नियम मुळात धान्य वर्ज्य करण्याचा. कंद, मुळे आणि फळे चालावीत असा. नियम पदार्थांची नावे सांगत नव्हता, जात सांगत होता. म्हणून गलबतातून उतरलेला बटाटा ‘कंद’ ह्या दारातून थेट देवघराशेजारी येऊन बसला. गव्हासारखे आपले जुने, वेदकाळापासूनचे सोबती उपासाच्या दिवशी बाहेर, आणि समुद्रापलीकडून आलेला हा परका आत! ज्या पूर्वजांनी समुद्र ओलांडणाऱ्या माणसास पंक्तीबाहेर बसविले, त्यांनी समुद्र ओलांडून आलेल्या बटाट्यास मात्र उपासाच्या पानात जागा दिली. त्यांना आम्ही हसत नाही. त्यांच्या नियमात एवढी लवचीक जागा होती, ह्याचे आम्हांस कौतुकच वाटते.

हे पाहुणे आले कसे, तेही आत्याबाईंनीच सांगितले. व्हास्को द गामा १४९८ साली कालिकतास पोहोचला. त्याच्या मागोमाग पोर्तुगालहून निघालेले काब्रालचे आरमार १५०० च्या एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यास लागले आणि तेथून पुढे निघून त्याच वर्षी सप्टेंबरात कालिकतास आले. म्हणजे ब्राझीलची आणि हिंदुस्थानची गाठ पोर्तुगीजांच्या पहिल्या दोन सफरींतच पडली. १५१० मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात गेले, आणि मग त्या वाटेने काजू, अननस, पपई, मिरची अशी रांगच लागली. ‘काजू’ आणि ‘अननस’ हे शब्द तर ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी आले आणि तेथून मराठीत उतरले. सत्यनारायणाच्या प्रसादात काजू घालताना आपण तुपी भाषा बोलतो, हे किती जणांच्या ध्यानी येत असेल?

आमच्या ह्या दोन जिल्ह्यांपुरते बोलावयाचे, तर हे ऋण अधिकच मोठे आहे. सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याचा भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर सिपान येथे १९८७ साली मोचे लोकांच्या एका अधिपतीची समाधी सापडली. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या समाधीत सोन्याचे आणि रुप्याचे भुईमुगाच्या शेंगांच्या आकाराचे मोठाले मणी ओवलेला हार निघाला. ज्या शेंगा आपण भाजून पसाभर खिशात टाकतो, त्या तेथे राजाच्या गळ्यात होत्या! सांगलीच्या प्रसिद्ध भडंगातून शेंगदाणे आणि तिखट काढून घ्या. मागे कोरडे चुरमुरेच राहतील. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या. मोठ्या फळाची आजची स्ट्रॉबेरी ही दोन जातींच्या संकरातून झाली. एक उत्तर अमेरिकेतली आणि दुसरी पेरूच्या शेजारच्या चिलीतली. चिलीची रोपे फ्रेझिए नावाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ साली युरोपात नेली, तेव्हा कुठे हे फळ जन्मास आले. महाबळेश्वराजवळ लिंगमळ्यास लोक धबधबा पाहावयास जातात. तेथे एकोणिसाव्या शतकात सरकारने सिंकोनाची लागवड करून पाहिली होती. हिवतापावरील क्विनाईन ज्या सालीतून निघते, ते हे झाड पेरूच्या डोंगरातले. क्लेमंट्स मार्कम ह्याने १८६० मध्ये तेथून त्याची रोपे व बी हिंदुस्थानात आणविले. नीलगिरीत ते रुजले, आमच्या डोंगरात रुजले नाही.

ह्या हकीकतीची दुसरी बाजूही मुलांना सांगणे आवश्यक होते. १५३२ साली पिझारो ह्या स्पॅनिश सरदाराने कहामार्का येथे इंका सम्राट अताहुआल्पा ह्यास दग्याने पकडले. सुटकेसाठी त्याने एक दालन सोन्याने भरून देण्याचे कबूल केले, सोने दिलेही. आणि तरी पुढल्या वर्षी त्यास ठार मारण्यात आले. करार करून राज्य घशात घालण्याची रीत साताऱ्यास नवीन नाही. १८४८ साली आमचे राज्यही असेच खालसा झाले. म्हणून पेरूचा इतिहास वाचताना आम्हांस तो परक्याचा वाटेना. तेथील सोने युरोपात गेले. आपल्या वाट्यास बटाटा आला, आणि हिशेब केला तर आपणच अधिक लाभात राहिलो. कारण ते सोने केव्हाच संपले, बटाटा मात्र दररोज शिजतो आहे.

असो. ताटाचा वाद नाना हरले. परंतु त्यांनी दुसरा मुद्दा काढला, आणि तो मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तो प्रकृतीचा. १९२४ साली रवींद्रनाथ ठाकूर पेरूच्याच निमंत्रणावरून निघाले होते. तेथील स्वातंत्र्ययुद्धाच्या शतसांवत्सरिक उत्सवास त्यांनी जावयाचे होते. वाटेत बोटीवर ते आजारी पडले, ब्युनॉस आयर्स येथे त्यांना उतरावे लागले, आणि व्हिक्टोरिया ओकाम्पो ह्या विदुषीच्या आतिथ्यात दोन महिने काढून ते परतले. पेरू राहिला तो राहिलाच. “ते त्रेसष्ट वर्षांचे होते,” नाना म्हणाले, “आणि ही बहात्तर वर्षांची.”

तेव्हा आम्ही वर्तमानपत्री माहिती बाजूस ठेवून डॉक्टरांकडे गेलो. दोन अडचणी निघाल्या. पहिली उंचीची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फूट. इंकांची जुनी राजधानी कुस्को ११,००० फुटांहून अधिक. म्हणजे महाबळेश्वरावर दुसरे महाबळेश्वर ठेवून वर आणखी अर्धे. तेथे हवा विरळ, आणि सखल प्रदेशातून एकदम गेलेल्या माणसास डोकेदुखी, ओकारी, धाप लागते. क्वचित प्रसंगी जिवावरही बेतते. त्यास उपाय एकच, तो म्हणजे घाई न करणे. सुदैवाने ज्या माचू पिचूचे नाव जगभर झाले आहे, ते कुस्कोपेक्षा पुष्कळ खाली, सुमारे ८,००० फुटांवर आहे, आणि कुस्कोजवळची उरुबांबा नदीची दरी ९,००० फुटांच्या आसपास आहे. म्हणून कुस्कोच्या विमानतळावर उतरल्याबरोबर तेथे न थांबता थेट दरीत उतरावे, तीन दिवस काही न करता बसावे, मग माचू पिचू पाहावे आणि कुस्को सर्वांत शेवटी ठेवावे, असा क्रम ठरला. तेथे धाप लागू नये म्हणून पाहुण्यास कोकाच्या पानांचा चहा देतात. तो तेथे सर्रास चालतो; परंतु ती पाने आठवण म्हणून पिशवीत घालून आणणे आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण अधिक नाजूक. पेरूच्या पूर्वेकडील सखल अरण्यात पीतज्वर आहे. लिमा, कुस्को आणि माचू पिचू येथे तो नाही, आणि तेवढेच पाहणाऱ्यास त्यावरील लस घेण्याचा सल्ला सहसा देत नाहीत. परंतु आपल्याकडे तो रोग नसला, तरी तो पसरविणारा डास मुबलक आहे. म्हणून आपले सरकार फार काटेकोर राहते, आणि ते योग्यच आहे. पीतज्वराच्या देशातून सहा दिवसांच्या आत येथे येणाऱ्या प्रवाशाजवळ लशीचा दाखला नसेल, तर त्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. तरुण माणसास ह्यात काही अवघड नाही. आम्ही उभयतांनी ती टोचून घेण्याचे ठरविले. परंतु ही लस जिवंत विषाणूंची आहे, आणि साठी उलटलेल्यास ती प्रथमच देताना, क्वचित का होईना, गंभीर त्रास होण्याचा संभव अधिक असतो. आत्याबाईंस ती देऊ नये, असे आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

येथे बेत मोडला असे सर्वांनी धरले. नानांनीही काही बोलून दाखविले नाही. जिंकलेला मनुष्य गप्प राहतो तसे ते गप्प राहिले. आत्याबाई सांगलीस परत गेल्या. आठ दिवसांनी त्यांचे पत्र आले. दूरध्वनी असताना त्यांनी पत्र लिहिले, ह्यावरूनच ते महत्त्वाचे आहे हे आम्ही ओळखले. त्यांनी नियम पुन्हा वाचला होता, आणि भूगोलाच्या शिक्षिकेस साजेल अशा रीतीने त्यातील ‘सहा दिवस’ हे शब्द अधोरेखित केले होते. आमची पुतणी नेदरलँड्समध्ये राहते. पेरूस सरळ विमान आपल्याकडून नाहीच. युरोपातून किंवा उत्तर अमेरिकेतून वळसा घ्यावा लागतो. मग परतताना त्याच वाटेवर पुतणीच्या घरी पुरे आठ दिवस मुक्काम केला, तर पेरू सोडल्यास सहा दिवसांहून अधिक काळ लोटलेला असेल, आणि कायदा पाळूनच घरी येता येईल. त्यात लपवाछपवी नाही. रोग अंगात असता, तर तो तेवढ्या दिवसांत उघडकीस यावा, म्हणूनच तर ती मुदत आहे. अरण्याच्या बाजूस जावयाचेच नाही, हे त्यांनी आधीच लिहून टाकले होते. डॉक्टरांना पत्र दाखविले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “ह्या बाई वकील होत्या काय?”

तरीही नानांचा होकार येईना. तो आला भाऊबीजेस. दरवर्षीप्रमाणे आत्याबाई सांगलीहून आल्या, त्यांनी नानांना ओवाळले, आणि तबकात ओवाळणी पडण्यापूर्वीच म्हणाल्या, “मला ह्या वर्षी पैसे नकोत.” नाना समजले. ते म्हणाले, “तेथे तुला काही झाले, तर मी येथे बसून काय करू?” घरात कोणी बोलले नाही. आत्याबाईंनी तबक खाली ठेवले. त्या म्हणाल्या, “नाना, २०१९ च्या ऑगस्टमध्ये मला गावभागातून नावेत घालून बाहेर काढले. कृष्णा माझ्या उंबऱ्यात मला विचारून आली होती काय? संकट यावयाचे ते सांगलीतही येते. नकाशावर लांब असले की ते मोठे दिसते, एवढेच.” नाना बराच वेळ निरांजनाकडे पाहात राहिले. मग त्यांनी विचारले, “तिकडची एकादशी आपल्या पंचांगाने धरावयाची, की कशी?”

तो त्यांचा होकार होता, आणि प्रश्नही मोठा मार्मिक होता. तिथी चंद्रसूर्यांच्या अंतरावर चालते. ती सर्व पृथ्वीवर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. परंतु व्रताचा दिवस सूर्योदयावरून ठरतो, आणि कुस्कोचा सूर्योदय साताऱ्याच्या सूर्योदयानंतर सुमारे पावणेदहा तासांनी होतो. त्यामुळे तेथील एकादशी कधी आपल्या तारखेसच येईल, तर कधी एक दिवस आधी. नानांनी स्वतः कागद घेतला, पंचांगातील तिथीची सुरुवात आणि समाप्ती पाहिली, आपल्या घड्याळातून साडेदहा तास वजा केले, आणि मे महिन्यातील मुक्कामाच्या दोन्ही एकादश्यांचे टिपण करून दिले. विरोधकास कामास लावणे, हाच विरोध शमविण्याचा खरा उपाय होय, हे आम्ही त्या दिवशी पाहिले.

महिना मे का, हेही सांगितले पाहिजे. तेथील डोंगरात साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस. मे ते सप्टेंबर कोरडे, स्वच्छ, रात्री कडक थंडीचे दिवस. आपल्या मुलांच्या सुट्या आणि तेथील उत्तम ऋतू ह्यांचा हा मेळ आयताच जमतो. आपले दक्षिणायन सुरू होते तेव्हा तेथे सूर्य परतू लागतो. त्या सुमारास, २४ जूनला, कुस्कोस सूर्याचा मोठा उत्सव होतो. आपली संक्रांत आणि त्यांचा तो उत्सव ह्यांमागील आनंद एकच. रात्री तेथे ध्रुव दिसणार नाही; अगस्तीचा तारा मात्र येथल्यापेक्षा कितीतरी उंच दिसेल. दक्षिणेस गेलेला तो ऋषी परत आला नाही, अशी कथा आहे. आम्हांस परत यावयाचे आहे, असे नाना दरवेळी बजावतात.

आत्याबाईंनी पाहावयाच्या गोष्टींची यादी केली आहे. इंकांच्या चुन्यावाचून सांधलेल्या भिंती तीत आहेत. लोखंडाचे हत्यार आणि गाडीचे चाक ह्यांवाचून त्या लोकांनी ते दगड बसविले. परंतु यादीच्या अग्रभागी बटाटा आहे. लिमा येथे १९७१ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन संस्था आहे. तेथे बटाट्याच्या हजारो जाती जपून ठेविल्या आहेत. दरीत पिसाकजवळ क्वेचुआ शेतकरी आपल्या डोंगरउतारावर जुन्या जाती स्वतः लावून राखतात. त्यांच्या भाषेत बटाट्यास ‘पापा’ म्हणतात. आणि ‘चुन्यो’ नावाचा त्यांचा एक पदार्थ आहे: रात्रीच्या हिमात बटाटे उघड्यावर पसरावयाचे, सकाळी ते पायांनी तुडवून पाणी काढावयाचे, दिवसा उन्हात वाळवावयाचे, असे काही दिवस केले की ते वर्षानुवर्षे टिकतात. हे ऐकून आमच्या घरातील बायका एकदम पेरूच्या पक्षास मिळाल्या. चैत्र-वैशाखात गच्चीवर बटाट्याचा कीस वाळत घालणाऱ्या हातांना त्या दूरच्या हातांची ओळख चटकन पटली.

एवढे सांगून झाल्यावर कोणी म्हणेल, जर सारे ताटातच आहे, तर एवढा खर्च करून जावयाचे कशास? आम्हांसही हा प्रश्न पडला होता. आमचे उत्तर असे, की ज्याच्या घरचे आपण चारशे वर्षे खात आलो, त्याच्या घरी एकदा तरी जावे, हा साधा गृहस्थधर्म आहे. पाहुणा आला, राहिला, घरचा झाला. त्याचे आईबाप कोण, त्याचे अंगण कसे, हे आपण कधी विचारले नाही. विचारले असते, तर आपले आणि परके ह्यांच्या आपण काढलेल्या रेघा कोठे कोठे पुसट आहेत, हे आपणांस आधीच कळले असते. ज्यांना जाता येत नाही, त्यांनी निदान एका एकादशीस आपल्या पानाची आत्याबाईंनी केली तशी वाटणी करून पाहावी. तीही एक यात्राच आहे, आणि तिला लस लागत नाही.

तयारी आता चालू आहे. पासपोर्ट आले, व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून ते निघण्यापूर्वी वकिलातीकडून पुन्हा ताडून घ्यावयाचे आहेत. माचू पिचूस दिवसाकाठी ठराविक लोकांसच सोडतात, तेव्हा त्याची तिकिटे आधी काढावी लागतील. आत्याबाई सांगलीस रोज सकाळी कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या चढतात आणि किती चढल्या ते नानांना दूरध्वनीवर सांगतात. दरीत ज्या बाईंच्या घरी उतरावयाचे आहे, त्यांच्यासाठी त्यांनी एक खण घेऊन ठेविला आहे. ओटी भरावयाची, तर नारळ आणि तांदूळही हवेत. परंतु फळे आणि धान्य सीमेवर काढून घेतात, असे आम्ही सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “मग नुसता खण देईन. ओटीत घालावयाचे ते त्यांच्याच परसात पिकते आहे.”